गोळ्या मोजल्या तेव्हा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीला बोलावलं म्हणजे तो कवितेवर बोलणार, अशी तुमची अपेक्षा असेल. आज मात्र मी आरोग्य विम्याच्या पॉलिसीवर बोलणार आहे. त्यातही, कॅन्सरच्या केमोथेरपीचा खर्च ही पॉलिसी कुठवर उचलते, एवढ्यापुरतंच. विषय रुक्ष आहे. पण ज्या घरात तो शिरतो, तिथे दुसऱ्या कुठल्या विषयाला जागा उरत नाही. आमच्या घरात तो २०२२ च्या ऑक्टोबरात शिरला.

माझ्या पत्नीच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. मिरजेतल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, पण तिच्या आसपासच्या ग्रंथींमध्येही रोगाच्या पेशी सापडल्या. डॉक्टर म्हणाले, केमो घ्यावी लागेल. आठ सायकल. दर २१ दिवसांनी एक.

तोवर केमो म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर खाट आणि सलाईनची बाटली यायची. इथे निम्मीच केमो सलाईनमधून होती. सायकलच्या पहिल्या दिवशी रुग्णालयात जायचं, तीन-चार तास ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध शिरेतून घ्यायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. उरलेली निम्मी केमो गोळ्यांची. कॅपेसिटाबिन. सकाळी जेवणानंतर तीन, रात्री जेवणानंतर तीन, असे १४ दिवस. म्हणजे एका सायकलच्या ८४ गोळ्या. मग सात दिवस विश्रांती, आणि पुन्हा पहिल्यापासून.

डिसेंबर-जानेवारीची थंडी होती. या सलाईनच्या औषधानं गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. फजरच्या नमाजसाठी वजू करायला ती नळाखाली हात धरायची आणि झटकन मागे घ्यायची. मग मी पाणी कोमट करून तांब्यात द्यायला लागलो. गोळ्यांनी तळहात लालबुंद होऊन सोलवटत. हे सगळं तिनं तक्रार न करता सोसलं. तिला टोचला तो कंपनीकडून आलेला एक कागद.

मी एका पतसंस्थेत नोकरी करतो. २०१७ साली नवरा, बायको आणि मुलगी अशा तिघांसाठी मिळून ३ लाखांची पॉलिसी घेतली होती. ती घेतानाही चर्चा झालीच. आमच्या मोहल्ल्यात कुणी विमा जायज की नाजायज या तराजूत तोलतात. शेजारच्या गल्लीत कुणी म्हणतात, आजारपणाचं नाव काढून अशुभ कशाला बोलायचं? दोन्हींचा परिणाम एकच. वेळ येते तेव्हा माणूस दागिने घेऊन सराफाकडे जातो. मी पॉलिसी घेतली, हप्ते वेळेवर भरले आणि कागद कपाटात ठेवून दिले. वाचले मात्र नाहीत. शब्दांवर जीव टाकणारा मी माणूस, पण स्वतःच्या पॉलिसीचे शब्द मी पाच वर्षांत एकदाही वाचले नव्हते.

केमो सुरू झाल्यावर प्रत्येक सायकलचा क्लेम आम्ही वेगळा भरत होतो. सलाईनच्या दिवसाचं बिल १८ हजारांच्या घरात, गोळ्या सुमारे ४ हजारांच्या. जानेवारीच्या मध्यावर कंपनीचं पत्र आलं. सलाईनचे पैसे मंजूर, गोळ्यांचे नामंजूर. कारण एका ओळीचं : गोळ्या घरी घेतल्या जातात, हा बाह्यरुग्ण म्हणजे ओपीडीचा खर्च आहे, तो पॉलिसीत बसत नाही.

मी पत्र घडी करून ठेवलं. म्हटलं, असेल बुवा नियम. ओपीडीचे पैसे विम्यात मिळत नाहीत, हे मीही ऐकून होतो.

तिसऱ्या सायकलच्या गोळ्यांचा चौदावा दिवस ५ फेब्रुवारीला संपला. दुसऱ्या दिवशी औषधांचा डबा आवरताना मला पाकिटात गोळ्या दिसल्या. डबा रिकामा असायला हवा होता. मी मोजल्या. २८ भरल्या. रोजच्या सहाऐवजी तिनं चारच घेतल्या होत्या.

विचारलं तर म्हणाली, "कंपनी देणार नाही म्हणाली ना? मग तुमच्या पगारातून किती काढायचं? दोन कमी घेतल्या म्हणून काय बिघडतंय?"

मी काही बोललो नाही. बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, हा डोस मी तुमच्या उंची-वजनावरून काढलाय. त्रास जास्त झाला तर तो कमी करायचा असतो, पण तो मी करणार. पैशासाठी तुम्ही नाही करायचा." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पत्रात कलम कुठलं लिहिलंय?"

कलम लिहिलेलंच नव्हतं.

श्रोतेहो, तिथून माझं वाचन सुरू झालं. त्यातून जे समजलं, ते सांगतो.

आपल्याकडे 'मेडिक्लेम' आली १९८६ मध्ये. तिची रचना रुग्णालयातल्या खाटेभोवती झाली. माणूस किमान २४ तास दाखल असेल, तरच खर्च मिळायचा. पुढे वैद्यक बदललं. ज्या उपचारांसाठी पूर्वी दाखल व्हावं लागे, ते काही तासांत होऊ लागले. अशांना विम्याच्या भाषेत 'डे-केअर' म्हणतात आणि त्यांना २४ तासांची अट लागत नाही. शिरेतून दिली जाणारी केमो याच वर्गात मोडते. पण औषधं आणखी पुढे गेली. केमोच्या गोळ्या आल्या, खाट सुटली. नियमांची भाषा मात्र खाटेपाशीच थांबली होती. त्यामुळे एकाच रोगावरचं, एकाच डॉक्टरांनी एकाच चिठ्ठीवर लिहिलेलं निम्मं औषध विम्यात बसायचं आणि निम्मं बाहेर राहायचं.

ही फट बुजवण्यासाठी २०१९ च्या सप्टेंबरात भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणानं एक परिपत्रक काढलं. त्यात १२ आधुनिक उपचारांची यादी आहे. हे उपचार पॉलिसीतून वगळू नयेत, असं कंपन्यांना सांगितलं गेलं. तोंडाने घ्यायची केमोथेरपी त्या यादीत आहे. इम्युनोथेरपीतली मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं आहेत. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठीची मूलपेशी उपचारपद्धती आहे. नव्या पॉलिसींना हा नियम १ ऑक्टोबर २०१९ पासून आणि जुन्यांना १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला.

मग माझ्या पुस्तिकेत तो का नव्हता? कारण मी २०१७ ची पुस्तिका उघडून बसलो होतो. मुलगी म्हणाली, "अब्बा, दर वर्षी नूतनीकरणाचा ई-मेल येतो, त्याला जोडलेलं कुणी उघडलंय का?" तिनं उघडलं. चालू वर्षाच्या शर्तींमध्ये 'आधुनिक उपचार' असं कलम होतं, आणि चौथ्या ओळीत तोंडाने घ्यायची केमोथेरपी. आपली पॉलिसी म्हणजे कपाटातला कागद असं आपण धरून चालतो. खरी पॉलिसी असते ती चालू वर्षाची. शर्ती बदलत असतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कलम आहे म्हणून पैसे आपोआप मिळतात, असं नाही. नियमात म्हटलंय की हे उपचार आंतररुग्ण, डे-केअर किंवा घरी राहून घेतलेलं रुग्णालयीन उपचार यांपैकी एका स्वरूपात मिळावेत. कंपनी वाद घालते तो इथेच. शिवाय कंपन्यांना या उपचारांवर वेगळी मर्यादा घालता येते. उदाहरणार्थ, २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत अशा उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतच खर्च मिळतो. म्हणून आपल्या पॉलिसीतली मर्यादा आपणच पाहायला हवी.

आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. दोन मुद्दे मांडले. पहिला, आधुनिक उपचारांचं कलम. सोबत डॉक्टरांचं पत्र, की सलाईन आणि गोळ्या मिळून एकच सायकल होते, गोळ्या सलाईनच्या दिवशीच रुग्णालयात लिहून दिल्या जातात आणि एकाशिवाय दुसरं अपुरं आहे. दुसरा मुद्दा अधिक साधा होता. आमच्या पॉलिसीत रुग्णालयातून घरी आल्यानंतर ६० दिवसांपर्यंत त्याच आजाराच्या औषधांचा खर्च मिळतो. डे-केअर हेही दाखल होणंच मानलं जातं. मग त्या संध्याकाळपासून सुरू होणाऱ्या गोळ्या या ६० दिवसांत येत नाहीत का?

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गोळ्यांचे पैसे मंजूर झाले, मागचे आणि पुढचेही.

त्याच पत्रात आम्ही आणखी एक हिशेब विचारला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी खोलीची मर्यादा दिवसाला ३ हजार होती आणि आम्ही ४ हजारांची खोली घेतली. मला वाटलं, रोजच्या हजाराचा फरक भरू. पण महाग खोली घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. आमचं २ लाख ५ हजारांचं सबंध बिलच २५ टक्के कापलं होतं. त्यात औषधं, तपासण्या आणि शस्त्रक्रियेतली उपकरणं यांचे ८५ हजार होते. या तीन गोष्टींना अशी प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असं प्राधिकरणानं २०२० साली स्पष्ट केलेलं आहे. त्या ८५ हजारांतून कापलेले २१ हजार २५० रुपये परत मिळाले. उरलेल्या १ लाख २० हजारांवरची ३० हजारांची कपात मात्र नियमाप्रमाणेच होती. ती माझ्या अज्ञानाची किंमत.

केमोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शस्त्रक्रिया एकदा होते आणि बिल एकदा येतं. केमो महिनोन् महिने चालते. स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात ट्रॅस्टुझुमॅब हे औषध तीन-तीन आठवड्यांनी वर्षभर देतात. पॉलिसीचं वर्ष तुमच्या आजाराकडे पाहून सुरू किंवा बंद होत नाही. आमचं वर्ष ३१ मार्चला संपत होतं. मध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यानं एक सायकल आठवडाभर पुढे गेली, म्हणून पाच सायकल जुन्या वर्षात आल्या आणि तीन नव्या वर्षात. जुन्या वर्षात ३ लाखांपैकी जेमतेम १५ हजार शिल्लक राहिले होते. नूतनीकरण झालं आणि नवे ३ लाख उपलब्ध झाले.

त्या मार्च महिन्यात मला झोप नव्हती. वाटायचं, एवढे क्लेम घेतल्यावर कंपनी नूतनीकरण करील का? नंतर कळलं, मागच्या वर्षी क्लेम घेतला या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही. मात्र हप्त्याची तारीख आपण चुकवायची नाही. उपचार चालू असताना पॉलिसी खंडित झाली, तर नवी कोण देणार? आणि दिली तरी आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ लागतो. हा काळ पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षांचा असे, १ एप्रिल २०२४ पासून तो तीन वर्षांवर आला आहे. पॉलिसी घेताना असलेले आजार लपवू नका, हेही याच ओघात सांगतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, क्लेम नाकारता येत नाही. पण त्या पाच वर्षांच्या आत लपवलेला आजार बाहेर आला, तर आजारी माणसाच्या उशाशी भांडण सुरू होतं.

आता, ज्यांच्या घरात सगळे धडधाकट आहेत, त्यांच्यासाठी पाच प्रश्न देतो. पॉलिसी घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी ते विचारा, आणि उत्तर लेखी मागा. एक, डे-केअर केमोला वेगळी मर्यादा आहे का? दोन, केमोच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी यांना किती रक्कम मिळते? तीन, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? चार, दाखल होण्याआधीचे आणि नंतरचे किती दिवस धरतात? पाच, प्रत्येक बिलात आपला वाटा किती? 'कॅन्सर कव्हर आहे ना?' एवढंच विचारलं तर उत्तर 'हो' असंच येतं, आणि त्या 'हो'च्या पोटात हे पाचही प्रश्न दडलेले असतात. हप्त्याबद्दल सांगायचं तर व्यक्तीनं आपल्यासाठी किंवा कुटुंबासाठी घेतलेल्या आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे.

ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी बायोप्सीचा अहवाल, डॉक्टरांनी लिहून दिलेला संपूर्ण उपचाराचा आराखडा, प्रत्येक सायकलचं डिस्चार्ज कार्ड आणि औषधाची चिठ्ठी व बिल एकाच फाईलमध्ये ठेवावं. क्लेम नाकारला तर कलम विचारावं. २०२४ च्या नियमांनुसार नकार किंवा कपात करताना पॉलिसीतली नेमकी अट कळवणं कंपनीला बंधनकारक आहे. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांकडे जावं. महिनाभरात समाधान झालं नाही, तर विमा लोकपालांकडे. आपल्या राज्यात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. प्राधिकरणाचा तक्रारींसाठीचा फोन क्रमांक आहे १५५२५५.

आणि ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही, त्यांनी हताश होऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून ती ५ लाख झाली आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही योजना खुली झाली आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. आमच्या गल्लीतल्या एका शिंपीकाम करणाऱ्या भावाची केमो फुले योजनेतूनच झाली. पथ्य एकच. योजनेतल्याच रुग्णालयात जायचं, आणि पहिली सलाईन लागण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटायचं. बाहेर पैसे भरून नंतर परत मागण्याची सोय यात नाही. योजनेचा क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५.

मंडळी, आकडे पुष्कळ झाले. शेवटी घरचं सांगतो. चौथ्या सायकलपासून गोळ्या मोजून देण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. सकाळी तीन, रात्री तीन. ती म्हणायची, "आता माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" मी म्हणायचो, "तुझ्यावर आहे, तुझ्या काटकसरीवर नाही." मे महिन्यात आठवी सायकल संपली. आज ती बरी आहे. ठरलेल्या महिन्यांनी तपासणीला जातो. त्या तपासण्यांचे पैसे पॉलिसीत मिळत नाहीत, हे आता आम्हाला आधीच ठाऊक असतं, म्हणून ते बाजूला काढून ठेवतो.

कधी कधी मनात येतं, तो डबा त्या दिवशी मी आवरला नसता तर? क्लेम नाकारण्याचं पत्र कंपनीच्या दृष्टीनं चार हजार रुपयांचं होतं. आमच्या घरात ते रोजच्या दोन गोळ्यांचं झालं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. घरातली बाई अशा वेळी पहिली कात्री स्वतःलाच लावते. म्हणून सांगतो, आज घरी गेलात की चालू वर्षाची पॉलिसी काढा आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून वाचा. घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर पॉलिसी वाचण्याआधी औषधांचा डबा उघडा आणि गोळ्या मोजा.